शिर्डी ते जोरहाट, आज किती?

माझ्या मामांच्या मते या देशात लांब असं काही नाहीच. उमेदीची सगळी वर्षं कांद्याचा ट्रक चालवलेला हा माणूस अंतर चहात मोजतो. पुणे एक चहा, नागपूर चार चहा आणि एक जेवण, कोलकाता म्हणजे दोन आंघोळी. शेजारच्या काकू लेक नागपूरला दिली म्हणून रडत होत्या, तर मामा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, नागपूरला काय रडताय? इंजिन गरम व्हायच्या आत येतंय." काकूंचं रडणं थांबलं, पण पुढे कितीतरी दिवस त्या मामांशी बोलल्या नाहीत. मी कॉलेजसाठी नगरजवळ केडगावला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर चालायची मला लाज वाटायची. ट्रक सुटला तरी मामा पायी वळतानाही हात बाहेर काढतात. मागे कुत्रंसुद्धा नसतं. आता कधी कधी माझाही हात निघतो.

अशा माणसाच्या एकुलत्या लेकीला, आमच्या ताईला, आसामात जोरहाटजवळ चहाच्या मळ्यातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. "आप्पा, तुम्ही हो म्हणालात तरच जाईन," ती म्हणाली. आठवडाभरात कळवायचं होतं. संध्याकाळी मामा माझ्याजवळ येऊन बसले.

"तुझ्या मोबाईलवर बघ बरं, शिर्डीहून इमानानं किती."

"दोन हजारांवर किलोमीटर, मामा. तीन तास."

"मधी थांबतं कुठं?"

"कुठंच नाही. म्हणजे... सरळ विमानच नाही. ही नुसती नकाशावर रेघ ओढून काढलेली वेळ आहे. खरं जायचं तर विमानं बदलत अख्खा दिवस जाईल."

"ज्या रस्त्याला टपरी न्हाई, त्यो कसला रस्ता!" म्हणत ते उठले.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आले आणि पिशवी हातात असतानाच म्हणाले, "आज किती?" मला थट्टा वाटली. पण रोज सकाळी घोडेगावच्या बाजारातला कांद्याचा भाव विचारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला न हलणारा आकडा ठाऊकच नव्हता.

"मामा, अंतर बदलत नसतं."

"बघ तर. भाव न्हाई का उतरत?"

मी रोज बघायचे. रोज तेवढंच. शेवटी मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवो, जोरहाट काय चालत येतंय व्हय नगरकडं?" एरवी मामांनी परत टोला दिला असता. त्या दिवशी ते चपला घालून बाहेर पडले. सगळ्यांच्या लेकी जवळच दिल्यात असं सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच एक गाव लांब वाटत होतं, आणि ते बोलायची त्याला चोरी झाली होती.

आठवडा संपत आला तेव्हा जेवताना ते ताटातच बघत म्हणाले, "जा. लांब हाय, पन जा."

मामींचं लाटणं थांबलं. ‘लांब’ हा शब्द मामांच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकला नव्हता. ताई रडली, ती बहुधा त्या शब्दालाच.

तिला शिर्डीच्या विमानतळावर सोडून परत आलो. मामांनी चहा घेतला नाही. कप बाजूला सारून म्हणाले, "पोरी, आता तिकडून इकडं किती, ते बघ."

"तेवढंच असणार, मामा."

"न्हाई. घरी येताना वाट कमी हुती. आमी गाडीवर हुतो, आमाला ठावं हाय."

पश्चिमेकडे येताना वरचा वारा समोरून लागतो, विमानाला उलट जरा जास्तच वेळ लागतो, हे मी भूगोलात शिकले आहे. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मोबाईल उघडला, बघितलं.

"कमी आहे, मामा," मी म्हणाले. "थोडंसंच."