खेळाडूंच्या राख्या

राखीपौर्णिमेची सुटी संपली की दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजच्या मैदानावर एक कार्यक्रम व्हायचा. कबड्डीच्या मुलींनी कबड्डीच्या मुलांना राख्या बांधायच्या, खो-खोच्या मुलींनी खो-खोच्या मुलांना. फोटो निघायचे, पेढे वाटले जायचे. खेळाडू मुलींच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, असं विद्यापीठाने विचारलं की हेच फोटो पाठवले जायचे. एकदा मुलगी बहीण झाली की काळजी मिटली, असं सगळ्यांना मनापासून वाटायचं. मी नोकरीला लागले त्याच वर्षी प्राचार्यांना विचारलं होतं, की मग ज्या मुली खेळत नाहीत, त्यांचं काय? त्यांनी राखी बांधलेली नाही म्हणजे त्या वाऱ्यावर सोडलेल्या आहेत का? प्राचार्य हसले. मॅडम, तुम्ही फार विचार करता, म्हणाले.

मी विचार करते हे खरं आहे, आणि माझी जीभही तिखट आहे. मी अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. नोकरीने मला खाली उसाच्या पट्ट्यात आणून टाकलं. क्रीडा विभागात बाई म्हणून मी एकटीच. मैदानाला लागून एक खोली भाड्याने घेतली आहे. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी कुकर लावते. एका माणसाच्या भाताला कुकर मोठा पडतो, पण लहान घ्यायचं काही होत नाही.

त्या वर्षी मुलींच्या संघात पाथर्डीकडची एक मुलगी होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे आणि ही हॉस्टेलला राहायची. चढाईला गेली की परत येणारच. समोरच्यांनी घोटा धरला तरी हिचं बोट रेषेला लागलेलंच असायचं. विद्यापीठाच्या संघात तिची निवड होणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्या निवडीवर तिचं पुढचं शिक्षण होतं, कारण खेळ थांबला तर घरचे लग्न लावून देणार, हे तिनेच मला सांगितलं होतं. अगदी सहज, वेळापत्रक सांगावं तसं.

राख्यांचा कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात ती सराव संपल्यावर नीकॅप आपल्या खुंटीला अडकवायला जिमखान्यात गेली. बॉल, नेट, मॅटचे तुकडे ठेवायची ती आमची अंधारी खोली. मुलांच्या संघाचा कॅप्टन मागोमाग आत गेला. त्याने दार लावलं आणि तिला धरलं. ती चढाईपटू, सुटून बाहेर आली. कोपर सोललेलं, दम लागलेला, तशीच माझ्याकडे आली. रडली नाही. मला पाणी द्या म्हणाली आणि मग सगळं सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्रार समितीची बैठक मागितली. समिती आहे हे दाखवणारा फलक कॉलेजात होता, करंडकांच्या कपाटामागे. बैठकीआधीच प्राचार्यांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. कॅप्टनही होता, खाली मान घालून. चौकात त्याचा भला मोठा फ्लेक्स लागला होता, तो संस्थेच्या एका संचालकाच्या भावकीतला, आणि स्पर्धा तोंडावर आलेली. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखरच तोडगा सुचला होता. पोरगा सर्वांसमोर माफी मागेल आणि ही त्याला पुन्हा एकदा राखी बांधेल, म्हणजे दोघांच्याही मनात काही राहायचं नाही. टेबलावर राखी आणून ठेवलेली होती, लाल गोंड्याची.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"सर, दार लावलं तवा त्याच्या हातात माजीच राखी हुती."

माझं लक्ष त्या मुलाच्या मनगटाकडे गेलं. राखी अजून तिथेच होती, घामाने काळपट झालेली. त्याने हात पाठीमागे घेतला.

समिती बसली. त्याने दार लावून तिला धरल्याचं कबूल केलं आणि त्या हंगामात तो खेळणार नाही असं ठरलं. निर्णयावर सह्या सगळ्यांनी केल्या, पण बाहेर प्रत्येकाने हात वर केले. मॅडम हट्टाला पेटल्या, आमचा काय इलाज, असं ज्याने त्याने सांगितलं. मुलांचा संघ पुणतांब्याच्या मैदानावर पहिल्याच फेरीत हरला तेव्हा तर माझ्याकडे बघायचंही लोकांनी सोडलं. स्टाफरूममध्ये चहा यायचा आणि माझा कप विसरला जायचा. मी म्हटलं, बरं झालं, साखर कमी होईल. पण मला लागलं. खोलीवर आल्यावर मोबाईल हातात घ्यायचा आणि कोणाला लावावा ते सुचायचं नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नोकरी सोड आणि घरी ये.

बातमी पाथर्डीकडे पोचायची ती पोचलीच. एका दुपारी तिचे वडील मोटारसायकलवर आले. उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. मी त्यांना झाडाखाली बसवलं आणि जीव तोडून बोलले. मुलीची चूक नाही, तिला खेळू द्या, तिचा खेळ मोठा आहे. जिमखान्याची किल्ली आता माझ्याकडे आहे, सरावाला मी हजर असते, बाहेरगावी मी सोबत जाईन. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं,

"मॅडम, तुमच्या बाजूनं अजून कोन हुतं तिथं?"

खोटं बोलून मुलगी ठेवून घ्यावी असं क्षणभर मनात आलं, पण त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलवेना. "कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग तुमी आजारी पडल्या, नायतर तुमची बदली झाली, तर मी हिला कुनाच्या भरवशावर ठिवू?"

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. पोरीने हॉस्टेलमधली पेटी आणून गाडीला बांधली, माझ्या पाया पडली आणि मागे बसली. मी फाटकापाशी उभी राहिले. गाडी वळली तरी तिथेच उभी होते. मला त्यांचा राग आला नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं.

राख्यांचा कार्यक्रम यंदा झाला नाही, मीच होऊ दिला नाही. त्याऐवजी सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना मॅटवर बसवलं. कोणाच्या अंगाला कधी हात लावायचा नाही, हे कबड्डी खेळणाऱ्या मुलांना समजावणं अवघड जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. रेषेच्या आत आणि बाहेर काय चालतं, हे त्यांना चांगलं कळतं. अवघड वेगळंच होतं. मी विचारलं, उद्या एखादी मुलगी आली आणि तिने तुमच्याच मित्राचं नाव घेतलं, तर माझ्या शेजारी कोण उभं राहील? सगळे मॅटच्या कडा उचकटत बसले.

ती अधूनमधून फोन करते. अजून लग्न ठरलेलं नाही, पण पाहुणे येऊन जाताहेत. माझी तब्येत विचारते, संघात नवीन कोण आलंय ते विचारते, आणि फोन ठेवायच्या आधी दरवेळी हे विचारते.

"मॅडम, तुमच्यासंगं आता कोन हाय का?"

"नाही गं अजून."

"बरं," म्हणते. मग तिच्या नीकॅप कोणी घेतल्या का, ते विचारते. मी सांगते, तुझ्या खुंटीलाच आहेत.