अण्णांची गरमी

भर जानेवारीत, चंडीगडच्या धुक्यात आम्ही कुडकुडत असताना अण्णा घोरपडे गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून टॉवेलनं घाम पुसत बसायचे. ‘‘कोट काढा की,’’ असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. ‘‘तुज्या अंगावर हाय का? मग गप बस.’’

अण्णा ऑफिसात मला वरिष्ठ. कोल्हापूरचे, तालमीत कमावलेल्या अंगाचे. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा इस्पितळात मीच बरोबर होतो. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता सांगितलं, ‘‘बंद मत करना.’’ अंगातून वाफा निघतील, छाती बाईसारखी सुजेल, सदरा घासला तरी दुखेल, यातलं एक अक्षर नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. दोन वाक्यं बोलायला त्याचं काय जात होतं?

अण्णांची मुलगी मीनू चंडीगडातच वाढलेली. तिचं मराठी अर्धं हिंदी. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी अण्णांची चौकशी केली, तेव्हा पोर भाबडेपणानं म्हणाली, ‘‘बाबांना गरमी होते. दवा चालू आहे.’’ झालं! हिंदीत गरमी म्हणजे उकाडा, आणि आमच्या मराठीत बाहेरख्याली पुरुषाला जडणारा रोग. आठवड्याभरात मंडळींनी अण्णांशेजारी बसणं सोडलं. खुद्द अण्णांना विचारलं कुणीच नाही. मी खरं सांगून टाकतो म्हटलं, तर अण्णा उसळले. ‘‘खबरदार! छातीचं सांगतोस लोकास्नी? त्यापरीस त्यो रोग बरा!’’

त्याच महिन्यात चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत एका मेजरकडे मंडळाचं जेवण होतं. परतताना मनीमाजऱ्याच्या नाक्यावर पोलिसांनी आमची मॅटाडोर अडवली. अतिरेक्यांचे दिवस, सगळ्यांना खाली उतरवून झडती सुरू झाली. अण्णा घामानं निथळत होते.

‘‘इतनी ठंड में पसीना?’’ शिपायानं त्यांच्या छातीवर हात दाबला आणि दचकून मागे सरत बंदूक रोखली. ‘‘अंदर की ए? क्या छुपाया है?’’

अण्णांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग स्वतःच कोट उघडला, सदराही. ‘‘कुछ नहीं छुपाया. कैंसर की गोली खाता हूँ. उसीसे ये छाती, उसीसे पसीना.’’ आणि मंडळींकडे वळून म्हणाले, ‘‘बगा नीट. कळली का कसली गरमी ती?’’

शिपायानं बंदूक खाली केली. ‘‘माफ़ करना, बाऊजी,’’ म्हणत त्यानं अण्णांचा कोट स्वतःच्या हातांनी बंद केला. आमच्यातला एकही पुढे झाला नाही. मॅटाडोरमध्ये मंडळाचे सेक्रेटरी एवढंच बोलले, ‘‘यंदा थंडी जास्तच आहे, नाही?’’ त्यांचा गळा धरावासा वाटला.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. शोकसभेत याच सेक्रेटरींनी डोळे टिपत सांगितलं, की अण्णा अगदी आपल्यातलेच होते. मला राहवेना. उभा राहिलो आणि ओरडलोच, ‘‘त्यांना काय झालंय हे एका परक्यानं विचारलं, बंदूक रोखून का होईना! तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं?’’