बंदुकीचं कपाळ

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय सलग दोन पानं मी कधी लिहिलेली नाहीत. त्यात विषय बंदुकीचा. ती मी एकदाही उडवलेली नाही. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वाघोलीच्या पलीकडे. आता चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात, पण चैत्रातल्या जत्रेत पालखी देवळातून हलायच्या आधी बंदुकीचा बार अजून होतोच, आणि तो काढायचा मान आमच्या काकांचा. बंदूक ठासणीची, पणजोबांपासूनची. परवाना काकांच्या नावावर. बाराला गोळी नसते. नळीच्या तोंडातून नुसती दारू घालून गजाने ठासायची. मागच्या बाजूला बोराच्या बीएवढी एक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी खुंटीच्या भोकातून आत दारूपर्यंत जाते.

गेल्या वर्षी ती गेली नाही. पालखी खांद्यावर, सगळं गाव कानांवर हात ठेवून उभं, आणि आवाज आला 'टिच्'. काकांनी टोपी बदलली, पुन्हा 'टिच्'. शेवटी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि पालखी निघाली. त्यानंतर काका पारावर आले की पोरं मुद्दाम कानांवर हात ठेवायची. जत्रा कमिटीने सांगून टाकलं, "पुढच्या खेपेला वाजली तर ठीक, नाहीतर कायमची माळच." काकांनी ते हसून ऐकलं, पण त्या रात्री जेवले नाहीत.

म्हणून यंदा जत्रेच्या आधी परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि बंदूक खोळीत घालून आम्ही कॅम्पात गेलो, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे. मला नेलं कारण मी मेकॅनिकलला आहे. येरवड्यापर्यंत मी काकांना घोड्याची स्प्रिंग कशी थकली असणार ते समजावून सांगितलं.

"थकली आसंल," काका म्हणाले. "मीबी थकलोय. पण आवाज करतोय की."

कारागिरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि घोडा ओढून सोडून पाहिला. "स्प्रिंग आपल्यापेक्षा ठणठणीत आहे," ते काकांना म्हणाले. मग तेल सोडून, चावीने फिरवून त्यांनी ती खुंटी बाहेर काढली. भोक गच्च बुजलेलं. बारीक तारेने टोकरल्यावर लालसर खडे पडले.

"गंज. अहो, बंदूक ठेवता कुठे, हौदात?"

मी एक खडा बोटांवर चोळला. बोटं लालभडक झाली, आणि वास आला तो थेट आमच्या देवघराचा. मी घाबरतच म्हणालो, "गंज नसेल हो. कुंकू वाटतंय."

त्यांनीही चोळून पाहिलं. "वा. सवाष्ण बंदूक प्रथमच बघतोय."

मग उलगडा झाला. खंडेनवमीला आणि जत्रेच्या सकाळी काकी बंदुकीची पूजा करते. ती खुंटी तिला कपाळासारखी वाटते, म्हणून हळदकुंकू नेमकं तिथेच. वरून काका मायेने तेल सोडतात. इतक्या वर्षांत आत वीट तयार झाली होती.

नवी खुंटी बसवून बंदूक हातात देताना कारागीर म्हणाले, "तेल पुसून घेत जा. आणि कुंकू उरलंच तर आपण लावून घ्या."

परतताना काका हळूच म्हणाले, "काकीला तू सांग. तू शिकलेला हायेस."

"काका, बायको तुमची आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

सांगायला तर हवंच होतं. जत्रेच्या सकाळी काकी पुन्हा पूजा करणार होती, आणि त्याच दिवशी शहरात माझा पेपर होता. आदल्या संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी चाचरत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी माझ्यामुळं हसं झालं व्हय तुझ्या काकाचं?"

"तसं नाही गं काकी. थोडं तेलामुळंही."

"मग कपाळ कुठं आसतं बंदुकीचं? कालेजात शिकवलं आसंल की."

कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या लाकडी दस्त्याकडे मी बोट दाखवलं.

"ती तर पाठ हाय तिची. पाठीला कोण कुंकू लावतं?"

तिने भाकरी उलटली आणि विषय संपला. बाहेर ओट्यावर काका उगाचच खोकत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरभर माझे कान खिडकीकडे, जसा काही वाघोलीपलीकडचा बार तिथवर येणार होता. सुटल्यावर बॅगेतून फोन काढला. एकही मेसेज नाही. काकांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. न वाजलेल्या बंदुकीचा मालक फोन कशाला उचलेल, असं मनात आलं आणि मी बसमध्ये चढलो.

बस येरवड्याला आली तेव्हा काकीचा फोन आला. मागे ढोल चालू होते.

"वाजली!" ती ओरडली. "पारावरची कबुतरं अजून माघारी आली न्हाईत. तुझ्या काकाला काय ऐकू येईना, म्हणून मीच फोन केला."

"आणि कुंकू?"

"लावलं की पाठीला. तिला म्हणलं, माफ कर बाई, आमचं पोरगं शिकतंय."