कारण: पुनर्रचना

सरोज देवरे मूळची मालेगावची. आखाती देशात, दुखानला तेलाच्या साइटवर एका कंत्राटदार कंपनीत ती सेफ्टी ऑफिसर होती. क्रेनच्या साखळीला तडा दिसला की ती काम थांबवायची, आणि माणसं मुकाट्याने थांबायची.

नवा मॅनेजर आला. थोड्याच दिवसांत त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. "क्लायंटपुढे गोरा माणूस लागतो," तो इंग्रजीत म्हणाला. "आणि साइटवर पुरुष असलेला बरा. पर्सनल घेऊ नकोस." तिचा सहकारी दानियाल, पेशावरचा, तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

तिला नोकरीवरून काढल्याच्या पत्रात कारण होतं पुनर्रचना. तिच्या जागेवर आलेल्या गोऱ्या तरुणाला काम समजावून द्यायलाही तिलाच सांगितलं. तिने समजावलं. राग येईल असं तिला वाटत होतं. आला नाही.

"सोड ना आता," तिचा नवरा शिवराज म्हणाला. "परक्या देशात कुठे भांडत बसतेस?"

"भांडत नाहीये रे. काढलं का, ते त्यांनी खरं सांगावं."

तिने कामगार तंट्यांच्या समितीकडे तक्रार केली. दानियालला मात्र साक्षीबद्दल काही विचारलं नाही. त्याचा व्हिसा त्याच कंपनीचा होता.

सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, असं बोलणं झालंच नाही. तेवढ्यात मागून दानियाल उठला. "झालं होतं. मी ऐकलंय." दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. सरोजने मागे वळूनही पाहिलं नाही. तिच्याने पाहवलंच नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. काढणं बेकायदा, कंपनीने भरपाई द्यावी. गोरा, पुरुष, बाई यांतला एकही शब्द निकालात नव्हता.

"So we won, Aai?" लेक कोमलने विचारलं.

"हो," सरोज म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

दानियालचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. तो निघाला तेव्हा सरोजने त्याला स्वतःच्या गाडीतून विमानतळावर सोडलं. बॅग उतरवताना तिने विचारलं, "दानियालभाई, क्यूँ आए थे उस दिन?"

"मेरे सामने बोला था ना, मॅडम."

तो आत गेला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. सरोजने गिअर टाकला आणि घराकडे, अल मुंतझाच्या रस्त्याला लागली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. सिग्नलला गाडी थांबली, सुटली. डोळे कोरडेच राहिले.