हेल्मेटवरची हॅट

जर्मनीत आखन शहराजवळच्या एका रँचवर आम्ही सहकुटुंब सुट्टीला गेलो होतो. तिथे हे गृहस्थ भेटले. मराठीच निघाले. नाव त्यांनी सांगितलं नाही, ड्युसेलडॉर्फमधला हुद्दा मात्र दोनदा सांगितला. अंगात झालरीचं जाकीट, पायात टाचेचे बूट, डोक्यावर भलीमोठी हॅट. हेल्मेटशिवाय घोड्यावर बसता येणार नाही, असं मालकीणबाईंनी ठणकावलं. तेव्हा त्यांनी निमूट हेल्मेट घातलं आणि हॅट त्याच्यावर चढवली. जर्मनीतला काउबॉय हा असा नियमात बसतो.

त्यांची म्हातारी घोडी कुंपणापर्यंत गेली आणि चरायला लागली. काही केल्या हलेना. तिच्या पाठीवर बसल्या बसल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना लगाम कसा धरावा हे तासभर शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबेला झाडायचा कार्यक्रम होता. सुट्टीच्या पैशांत तोही आलाच. फावड्याने लीद उचलताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी विचारलं, "घरी जनावरं होती का?"

"होती की! पण वडिलांनी गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. म्हणायचे, शिकला नाहीस तर जन्मभर शेण काढत बसशील."

मी हसलो. ते हसले नाहीत. फावडं पाठीमागे लपवून त्यांनी माझ्या हातात फोन दिला.

"एक फोटो काढा. घोडी येऊ दे, लीद नको. स्टेटस वडील बघतात."

मी काढला. मग माझाही तसाच काढून घेतला.