शेवंताच्या नावाचा कागद

अकोल्याहून निघालो त्या दिवशी घराला कुलूप लावायला मला जमेना. चाळीस वर्षं ते काम शेवंताचं, माझ्या बायकोचं. ती कुलूप लावायची, मी आपला पुढं चालू लागायचो. शेवटी सुजातानं, माझ्या मुलीनं, हातातून किल्ली घेतली. शेवंताला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. वस्तीतली माणसं गाडीपाशी उभी होती. लवकर येतो म्हणालो. आता इथला दुसरा हिवाळा चालू आहे, म्हणून लिहितोय. तुम्हाला, आणि वस्तीतून जे बाहेर गेले त्यांनाही. चौथी शिकलेला गवंडी आहे मी, सांभाळून घ्या.

सुजाता इथं जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला एका संशोधन संस्थेत आहे. जावई हॅम्बर्गला, शुक्रवारी येतात. दिवसभर मी एकटा भिंती पाहत बसतो. कोपरे चांगले काढतात इथं. बाकी काही कळत नाही.

खालच्या मजल्यावर हेर क्लाइन राहतात. हेर म्हणजे आपलं श्रीयुत. वय माझ्याएवढंच, बायको वारलेली. पहिल्या थंडीत आमच्या वाट्याचं बर्फही त्यांनीच फावड्यानं ओढलं, म्हणून वर बोलावलं आणि आलं घालून चहा केला. त्यांनी कपाकडं पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. नळाकडं बोट दाखवून पाणी मागितलं.

माझं डोकं फिरलं. ज्यांच्या भिंती मी उभ्या केल्या त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, ते मी विसरलेलो नाही. एवढ्या लांब आलो तरी हेच? त्यांच्या देखत कप बेसिनमध्ये ओतला. ते बिचारे उठून गेले.

सुजाता आली, तिला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून खाली बसली.

"बाबा, ते मॉर्मन आहेत, ख्रिश्चनांतला एक पंथ. त्यांना चहा-कॉफी कोणाच्याच हातची चालत नाही. आणि पाणी घेतलं ना त्यांनी तुमच्या हातचं?"

घेतलं होतं. दोन ग्लास. ते मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन माफी मागितली. तेव्हापासून ते रविवारी वर येतात, गरम पाणी पितात. सुजाता मधे बसून इकडचं तिकडं सांगते. तीस वर्षं ते गणिताचे मास्तर होते. शाळा बंद पडणार म्हणून गावच्या निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले, आणि शाळा तरी बंद झालीच. मी विचारलं, मग निवडून येऊन मिळवलं काय? म्हणाले, एक बसथांबा. खरं की थट्टा, अजून कळलं नाही. आपल्याकडं मास्तर निवडून आला की दारात गाडी येते. हे त्याच थांब्यावर उभे असतात. मग त्यांच्या पंथातल्या लोकांनी त्यांना बिशप केलं. धर्माचा पुढारी, पण पगार नाही. कोण आजारी, कोणाचं नवराबायकोचं भांडण, सगळं यांच्याकडं.

एका रविवारी शेवंताचा विषय निघाला. त्यांच्या धर्मात म्हणे लग्न मरणानं तुटत नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात बुडी घेतो, की गेलेल्यालाही त्यांच्या धर्मात येता येतं. पुढं मीही त्यांच्यात आलो तर नवराबायकोची गाठ कायमची. पण गेलेल्याचं नाव घरच्यानंच द्यायचं. त्यांनी आग्रह केला नाही. नाव द्यायचा कागद मीच मागितला.

तीन दिवस तो माझ्यापाशी होता. शेवंता आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेलेली. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ, मला नाही. विहारात भन्ते सांगायचे, आत्मा नसतो. बरोबर असेल. मग मी सकाळी उठून बोलतो कोणाशी? आणि खरंच तिकडं भेट होत असेल, आणि माझ्या सहीवाचून चुकली तर?

सही करायला बसलो तेव्हा दुसरा कागद आठवला. सुजाताला सातवीतून काढायचा अर्ज. चार माणसांचं ऐकून मी सही करून आलो होतो. शेवंता तशीच शाळेत गेली, अर्ज परत घेऊन आली आणि माझ्यासमोर फाडला. म्हणाली, "मले इचारल्याबिगर आता कायच्यावरच सही करू नका."

त्यानंतर मी केली नाही.

कागद कोराच परत नेला. सुजाताला म्हटलं, सांग यांना, तिला विचारल्याशिवाय मला सही करता येत नाही, आणि विचारायची सोय नाही. त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला. मग हळू काहीतरी म्हणाले. सुजातानं सांगितलं, "ते म्हणतात, मीही रोज विचारतो. ती अजून बोललेली नाही."

त्यांच्यात गाठ कायमची असते, तरी हे असं. मी काय समजायचं?

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येता. अकोल्याचं घर मी या हातांनी बांधलं, पण तिथं मला रागावणारं कोणी उरलं नाही. इथं सुजाता रागावते, अगदी आईसारखी, निम्मं जर्मनमध्ये. कानटोपी न घालता खाली गेलो होतो म्हणून आजही बोलली. ते निम्मं मला कळत नाही, तरी पूर्ण ऐकून घेतो. सध्या घर म्हणतो ते यालाच. पुढचं मला माहीत नाही.