पेवातली शेवटची बाटली

फोन शोभावहिनींचा होता. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मनोहर गेला त्याला आता महिना होऊन गेला. मी आज लिहायला बसलोय ते त्याच्यासाठी रडायला नाही. तेराव्यापर्यंत माझं पोटभर रडून झालं होतं.

चिकलठाण्याच्या एका बिअर कारखान्यात तो ब्रूमास्टर आणि मी प्रयोगशाळेत. एका उन्हाळ्यात आम्ही दोघांनी दुप्पट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, घालून एक भयंकर कडक बिअर केली. साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ओतून द्या म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. ताजेपणी ती घसा जाळायची, वर कडूजहर. मनोहर मात्र खूश. "नवा जावई अन् नवी कडक बिअर, मुरल्याबिगर कळत नाय," म्हणाला. पेटीभर बाटल्या त्यानं गुपचूप देवगाव रंगारीला, त्याच्या शेतातल्या रिकाम्या पेवात नेऊन ठेवल्या. ज्वारी साठवायचा तो जमिनीखालचा खड्डा ऐन वैशाखातही गार असायचा.

इतकं माल्ट गेलं कुठं, अशी पुढं चौकशी लागली. मनोहरच्या मुली तेव्हा लहान होत्या, मी सडाफटिंग. मीच केलं म्हणून सांगितलं आणि नोकरी घालवून बसलो. त्या संध्याकाळी त्यानं माझा हात धरला. "ही बिअर तुझी हाय. शेवटची बाटली आपल्यातला जो मागं राहील त्यानंच फोडायची..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरंच होतं, असं मी आजही मानतो.

मग दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा आणि मटणाचं जेवण उरकलं की पुंडलिकनगरच्या त्याच्या खोलीत एक बाटली फुटायची. त्यासाठी कपाटात स्टीलचे दोन छोटे पेले वेगळे ठेवलेले. माझा पेला तो आधी भरायचा. वर्षागणिक चव पालटत गेली. आधी जाळ निवला. मग कडूपणा मागं सरला आणि खजूर आला, मग काकवी, मग मनुका. रंग काळपट होत गेला, फेस बसत गेला, शेवटी शेवटी तर कडेला नुसती रेघ. एक बाटली चुकून उन्हाळाभर घरात राहिली, तर तिला भिजल्या पुठ्ठ्याची चव आली. हे सगळं जिभेवर ओळखायला त्यानंच मला शिकवलं. एकच बाटली उरली तेव्हा आम्ही थांबलो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती बाटली माझ्यापुढं ठेवली. बुचावर लाखेचं सील होतं. इथंच, त्यांच्या खोलीत फोडा, म्हणाल्या. मी दोन्ही पेले मांडले, बूच काढलं... आणि फेस भसाभसा वर आला, पेल्यात पांढराशुभ्र उभा राहिला. घोट घेतला. कडू, तरणीताठी, कुठल्याही दुकानात मिळते तशी.

ही पेवातून कधी आणली होती, असं मी वहिनींना सहज विचारलं. त्या बिचाऱ्या निर्मळ मनानं सांगत गेल्या. "मोठे साहेब आले होते ना मागं, जेवायला. तेव्हाच आणली. एक यांनी फोडली त्यांच्यासंगं, ही तुमच्यासाठी ठेवली. साहेब म्हणाले, असली चीज मी ओतून द्या म्हणलो? यांचं तोंड लई खुललं होतं. हे म्हणले, एकट्यानंच केली होती."

एकट्यानं.

बाटली प्यायला, त्याचं मला काही नाही. मागितली असती तर हसत दिली असती. पण जुन्या बाटलीत नवी भरून, वर लाख लावून ती माझ्यासाठी ठेवायची? पहिल्याच घोटाला मला कळणार, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मग उमगलं. माझी बायपास झालेली, हा धडधाकट. आधी मीच जाणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"चांगली मुरलीय का?" वहिनींनी विचारलं.

"व्हय वहिनी. झकास."

त्याचा पेला मी भरलाच नाही. माझा तेवढा धुतला, पुसला आणि खिशात घालून घरी आणला. एकट्यानं केली म्हणाला ना... मग त्याच्या कपाटात आता एकच पेला राहू दे.